पेशीतील भारवाहक

मनुष्यशरीरातील पेशी नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत इतक्या लहान असतात, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तथापि ह्या नियमाला शरीरातच एक विलक्षण अपवाद आहे. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात काही मज्जापेशी अशा आहेत, की त्यांचे एक टोक कण्यात असते आणि दुसरे थेट पावलाच्या स्नायूंत असते. प्रौढ माणसात हे अंतर सुमारे एक मीटर भरते. एवढे अंतर व्यापणारी ही पेशी एकच असते. अनेक पेशींची ती साखळी नव्हे. तिचा मुख्य देह एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका, आणि त्यातून निघालेला तंतू त्याच्या वीस हजार पट लांब! ह्या तंतूला अक्षतंतू असे म्हणतात.

हे प्रमाण मनात ठसावयाचे असेल तर एक कल्पना करून पाहावी. मुंबईत साडेसात मीटर रुंदीचे एक घर आहे. त्या घरातून दीड मीटर रुंदीची एक गल्ली निघते आणि घाट चढून ती थेट पुण्यापर्यंत जाते. गल्लीच्या पुण्याकडील टोकाला जी माणसे राहतात, त्यांना लागणारा दाणागोटा, अवजारे आणि घराच्या डागडुजीचे सामान हे जवळजवळ सारे मुंबईच्या त्या एकाच घरात तयार होते. मज्जापेशीची स्थिती नेमकी अशी आहे. तिचे केंद्रक, आणि प्रथिने घडविणारा तिचा बहुतेक सारा कारखाना, मुख्य देहात असतो. त्या प्रथिनांची निकड मात्र अक्षतंतूच्या पार टोकाला असते. कारण स्नायूला आज्ञा द्यावयाची ती तेथून. प्रथिने झिजतात, मोडतात. त्यांच्या जागी नवी पाठवावी लागतात. ऊर्जा निर्माण करणाऱ्या कणिका पोहोचवाव्या लागतात. निकामी झालेला माल परत आणावा लागतो. टोकाकडे काय चालले आहे, ह्याची वर्दीही मुख्य देहाला मिळावी लागते.

मग ही वाहतूक चालते कशी?

सर्वांत सोपे उत्तर असे सुचेल, की पेशीच्या अंतर्भागात द्रव आहे आणि त्यात हे रेणू आपोआप पसरत जात असतील. स्थिर पाण्यात शाईचा थेंब टाकला म्हणजे तो जसा हळूहळू पसरतो, तसे. ह्या क्रियेला विसरण म्हणतात, आणि लहान अंतरांसाठी ती पुरेशी असते. एखादे प्रथिन दहा मायक्रॉनांचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे अंतर, विसरणाने सुमारे पाच सेकंदांत कापते. परंतु विसरणाचा हिशेब मोठा कठोर आहे. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो, दसपट झाले तर शंभरपट लागतो. एक मीटर हे अंतर दहा मायक्रॉनांच्या लाखपट आहे. तेव्हा वेळ लागेल तो लाखाच्या लाखपट, म्हणजे सुमारे सोळाशे वर्षे. विदर्भात वाकाटकांचे राज्य असताना कण्यातून निघालेले प्रथिन आज कोठे पावलाशी पोहोचेल! अर्थात आपोआप पसरण्यावर भिस्त ठेवून एवढ्या लांबीची पेशी एक दिवसही नांदू शकली नसती. येथे कोणीतरी माल वाहून नेत असलेच पाहिजे.

अशी काही वाहतूक खरोखरच चालते, ह्याचा स्पष्ट पुरावा १९४८ साली पुढे आला. पॉल वाइस आणि हेलन हिस्को ह्या दोघा अमेरिकी संशोधकांनी प्राण्यांच्या मज्जातंतूंभोवती आवळ बसेल असे लहानसे कडे चढविले. काही आठवड्यांनी पाहतात तो कड्याच्या अलीकडे, म्हणजे पेशीदेहाच्या बाजूला, अक्षतंतू फुगलेले होते, आणि पलीकडे ते बारीक राहिले होते. पाटावर बांध घालावा आणि पाणी एका अंगाला तुंबावे, तसा हा प्रकार होता. कडे काढून घेतल्यावर तुंबलेला ऐवज दिवसाला एकदोन मिलिमीटर ह्या गतीने पुढे सरकू लागला. पुढील दोन दशकांत किरणोत्सारी खूण केलेली द्रव्ये वापरून हा प्रवास अधिक बारकाईने मोजण्यात आला. तेव्हा असे दिसून आले, की ह्या मंद वाहतुकीखेरीज एक वेगवान वाहतूकही आहे आणि तिची गती दिवसाला चारशे मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे कण्यापासून पावलापर्यंतचा प्रवास अडीच दिवसांत पुरा होतो. शिवाय त्याच तंतूतून, त्याच वेळी, उलट दिशेनेही माल परत येत असतो.

ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. नळातून पाणी एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहू शकत नाही. तेव्हा अक्षतंतू हा नुसता नळ नव्हे. त्यात वाटा आहेत, आणि त्या वाटांवरून ओझी घेऊन जाणारे कोणी आहेत, असा तर्क करणे प्राप्त झाले.

त्यांपैकी वाटांचा शोध आधी लागला. १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या पेशींत अतिशय बारीक, सरळ आणि पोकळ नळ्या दिसून आल्या. त्यांना सूक्ष्मनलिका हे नाव मिळाले. सूक्ष्मनलिकेचा व्यास पंचवीस नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यातील एक भाग नॅनोमीटर होय. माणसाच्या केसाची जाडी ह्या नलिकेच्या काही हजार पट भरेल. ती ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्यांची बनलेली असते. प्रत्येक जोडीची लांबी आठ नॅनोमीटर. अशा जोड्या एकीपुढे एक लागून एक रांग होते आणि सामान्यतः तेरा रांगा शेजारी शेजारी जुळून एक नळी होते. सर्व जोड्यांची तोंडे एकाच दिशेला असल्यामुळे नळीची दोन टोके सारखी नसतात. एकाला धन टोक म्हणतात, दुसऱ्याला ऋण टोक. विजेच्या धन-ऋणाशी ह्या नावांचा संबंध नाही. अक्षतंतूतील नलिकांची धन टोके पावलाकडे आणि ऋण टोके पेशीदेहाकडे असतात. फरसबंदीच्या प्रत्येक दगडावर बाण कोरून ठेवावा, तशी ही वाट आहे. तिच्यावर कोठेही उभे राहिले तरी पुढे कोणीकडे आणि मागे कोणीकडे हे पायांखालीच कळते.

ट्यूब्युलिन हाती लागले ते एका विषाच्या साहाय्याने. पावसाळ्यात महाराष्ट्रातील रानांत आणि कुंपणांवर कळलावीची फुले फुलतात. ज्वाळेसारख्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांचे हे फूल अनेकांच्या ओळखीचे आहे, आणि तिचा कंद विषारी असतो हेही खेड्यांतील वडीलधाऱ्या माणसांना माहीत असते. ह्या कंदात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. युरोपात ते दुसऱ्या एका फुलझाडापासून काढीत. ते दिले असता पेशींचे विभाजन थांबते, हे जुनेच ज्ञान होते. १९६७ साली शिकागो येथे गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर ह्यांनी किरणोत्सारी कोल्चिसीन वापरून, ते पेशीतील कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटते हे शोधून काढले. ते प्रथिन म्हणजेच सूक्ष्मनलिकांचे ट्यूब्युलिन होते. त्याच सुमारास असेही आढळले, की मज्जातंतूला कोल्चिसीन दिले तर त्यातील वेगवान वाहतूक बंद पडते. वाट उखडली की वाहतूक खुंटते. तेव्हा वाहतूक ह्याच वाटेवरून होते, हे अनुमान बळावले.

वाट सापडली, पण वाटसरू सापडले नव्हते. ते सापडले समुद्रातील एका प्राण्याच्या कृपेने. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला म्हाकूळ म्हणतात, त्या प्राण्याच्या अंगात काही अक्षतंतू अतिशय जाड असतात. काही जातींत त्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही अधिक भरते. मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा जातो, हे हॉजकिन आणि हक्स्ली ह्यांनी १९५२ साली उलगडले ते ह्याच तंतूवर प्रयोग करून. ह्या तंतूची आणखी एक सोय अशी, की दंतमंजनाच्या नळीतून लगदा पिळून काढावा तसा त्याच्या आतील ऐवज काचेवर पिळून काढता येतो, आणि तसा काढल्यावरही त्यातील वाहतूक काही तास चालू राहते. १९८१च्या सुमारास रॉबर्ट ॲलन आणि शिन्या इनुए ह्यांनी सूक्ष्मदर्शकाला दूरचित्रवाणीचा कॅमेरा जोडून, एरवी डोळ्यांना न दिसणारे बारीक कण पडद्यावर पाहण्याची युक्ती काढली. तिच्या साहाय्याने म्हाकुळाच्या अक्षतंतूतील कण दोन्ही दिशांनी लगबगीने चाललेले प्रत्यक्ष दिसू लागले.

ते दृश्य पाहून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या रॉनल्ड व्हेल ह्या तरुणाच्या मनात एक विचार आला. स्नायू आकुंचन पावतात ते मायोसिन नावाच्या प्रथिनामुळे. मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पूडिच ह्यांनी त्याच वेळी दाखवून दिले होते, की मायोसिन लावलेले बारीक मणी एका शेवाळाच्या पेशीतील तंतूंवरून चालू लागतात. मग अक्षतंतूतील कणांना मायोसिनच ओढून नेत नसेल कशावरून? व्हेल आणि शीट्झ ह्यांनी हा तर्क म्हाकुळावर पडताळून पाहण्याचे ठरविले. परंतु १९८३ साली एल निनोमुळे पॅसिफिक महासागराचे पाणी उबदार झाले होते आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर म्हाकुळांचा दुष्काळ पडला होता. नाइलाजाने दोघे देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे टॉमस रीझ ह्यांचे साहाय्य लाभले, आणि पाहता पाहता कामाची दिशाच बदलून गेली.

मायोसिनचा तर्क टिकला नाही. कण ज्या धाग्यांवरून चालत होते, ते सूक्ष्मनलिकाच असल्याचे सिद्ध झाले. अक्षतंतूच्या द्रवात काचेचा तुकडा भिजवून त्यावर नुसत्या सूक्ष्मनलिका ठेवल्या, तर नलिकाच काचेवरून सरपटू लागल्या. हमाल उताणा पडावा, आणि त्याने वर केलेल्या पायांवरून रस्ताच सरकत जावा, असा हा चमत्कार होता! चालविणारे प्रथिन काचेला चिकटून बसले होते आणि त्याच्या पायांखालची वाट पुढे ढकलली जात होती. त्या द्रवातून हे प्रथिन वेगळे काढण्यात आले. १९८५ साली त्याला नाव देण्यात आले किनेसिन. हालविणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून हा शब्द बनविलेला आहे. शुद्ध किनेसिन लावलेले मणी सूक्ष्मनलिकेवर नेहमी धन टोकाकडेच जात; मागे एकही वळत नसे.

ह्याचाच अर्थ असा, की परतीचा माल आणणारा भारवाहक निराळा असला पाहिजे. त्याचे नाव विज्ञानाला आधीच ठाऊक होते, मात्र वेगळ्या कामासाठी. काही एकपेशीय जीव अंगावरील बारीक केसांच्या हालचालीने पोहतात. ते केस हालविणाऱ्या प्रथिनाला इयन गिबन्स ह्यांनी १९६५ साली डायनीन हे नाव दिले होते. १९८७ साली रिचर्ड व्हॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की मेंदूच्या पेशींतही डायनीनचाच एक भाऊबंद असतो आणि तो ऋण टोकाकडे, म्हणजे तंतूच्या टोकापासून पेशीदेहाकडे, चालत येतो. अशा रीतीने जाणारा आणि येणारा असे दोन्ही भारवाहक ओळखले गेले. पुढे तोक्यो येथे नोबुताका हिरोकावा ह्यांनी किनेसिनच्या कुळाचा विस्तार शोधून काढला. मनुष्याच्या पेशींत ह्या कुळातील पंचेचाळीस जनुके आहेत. कोणी एका प्रकारचे ओझे वाहतो, कोणी दुसऱ्या.

आता हे भारवाहक चालतात कसे ते पाहू. किनेसिनची लांबी सुमारे ऐंशी नॅनोमीटर असते. त्याच्या एका टोकाला ओझे अडकविण्याची सोय आहे, मध्ये पीळ घातलेल्या दोरासारखा दांडा आहे, आणि दुसऱ्या टोकाला दोन गोलसर भाग आहेत. शास्त्रज्ञ त्यांना डोकी म्हणतात. किनेसिन चालतो मात्र ह्याच डोक्यांवर, म्हणून येथे त्यांना पाय म्हणणे सोयीचे होईल. पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. पुढचा पाय वाटेवर घट्ट रोवलेला असताना एक एटीपी रेणू येऊन त्याला चिकटतो. त्याबरोबर त्या पायाच्या वर असलेली एक लहानशी पट्टी पुढच्या बाजूला दुमडून बसते आणि मागच्या पायाला पुढे झेपावण्याची संधी मिळते. मागचा पाय सोळा नॅनोमीटर पुढे जाऊन पुढच्या मोकळ्या जागेवर टेकतो. तोवर एटीपीचे विघटन होऊन आता मागे राहिलेल्या पायाची पकड सैल होते, आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. दोन्ही पाय एकाच वेळी सहसा उचलले जात नाहीत. शरीराचे एकूण पाऊल पडते आठ नॅनोमीटरांचे. म्हणजे बरोबर ट्यूब्युलिनच्या एका जोडीएवढे. हे आठ नॅनोमीटरांचे पाऊल १९९३ साली प्रकाशकिरणांच्या चिमट्यात मणी पकडून मोजण्यात आले. पाय आळीपाळीने पुढे पडतात, हे २००४ साली एकाच पायाला चमकणारी खूण लावून सिद्ध करण्यात आले. एका पावलाला एक एटीपी, असा त्याचा रोखठोक व्यवहार आहे. उधारी नाही, उधळपट्टी नाही. सेकंदाला अशी सुमारे शंभर पावले पडतात.

त्याची ताकद किती? सुमारे सहा पिकोन्यूटन एवढ्या जोराने त्याला मागे ओढले तर तो थांबतो. वजनाच्या भाषेत सांगावयाचे तर हा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ शंभर कोटी पट आहे. परंतु ह्या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही, कारण त्या सूक्ष्म जगात वजनाला काही किंमतच नाही. तेथली अडचण वेगळी आहे. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे अविरत धावत असतात आणि किनेसिनवर चोहोबाजूंनी आदळत असतात. माणसाला वादळात दोरावरून चालावयास सांगावे, त्यातला हा प्रकार आहे. किनेसिनची खरी करामत अशी, की तो ह्या वादळाशी झुंजत बसत नाही. त्याचा उपयोग करून घेतो. मोकळा झालेला पाय धक्क्यांमुळे इकडेतिकडे हेलकावे खातो. त्यातला जो हेलकावा पुढच्या जागेपर्यंत नेतो, तेवढाच पक्का केला जातो. एटीपीची ऊर्जा खर्च होते ती मुख्यतः पुढच्या हेलकाव्याला झुकते माप देण्यासाठी आणि टाकलेले पाऊल मागे फिरू नये म्हणून. दिशाहीन धडपडीतून निश्चित दिशेची वाटचाल निर्माण होते, ती अशी.

एकटा किनेसिन शंभरेक पावले टाकल्यावर वाटेवरून सुटतो. म्हणजे त्याची एक खेप मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढीच. मग मीटरभर अंतर कापले जाते कसे? एकाच ओझ्याला अनेक भारवाहक लागलेले असतात. एक सुटला तरी दुसरे धरून ठेवतात आणि सुटलेला पुन्हा वाट पकडतो. ह्या सहकार्याचा एक सुंदर अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. पेशीने गिळलेली ओझी डायनीन कसे ओढतात, हे त्यांनी प्रकाशाच्या चिमट्याने प्रत्यक्ष पेशीत मोजले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. एकटा डायनीन किनेसिनच्या मानाने दुबळा असतो. परंतु भार वाढला की आघाडीचा डायनीन आपली पावले आखूड करतो; मागचे त्याला येऊन गाठतात आणि सर्वांवर भार वाटला जातो. त्यामुळे दुबळ्यांचा तो जथा मोठा जोर लावू शकतो. बलवान किनेसिनला हे सांघिक काम डायनीनइतके साधत नाही. ह्या कार्यासाठी मल्लिक ह्यांना २०१८ साली इन्फोसिस पारितोषिक देण्यात आले.

ह्या सर्व गोष्टी म्हणजे केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय आहे, असे मात्र समजू नये. त्यांचा संबंध प्रत्येक घराशी येतो.

पिसाळलेला कुत्रा पायाला चावतो तेव्हा रेबीजचे विषाणू जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतात. ह्या विषाणूला पाय नाहीत. तो पेशीच्या परतीच्या वाहतुकीवर स्वार होतो. ज्या वाटेने डायनीन रोजचा माल आणतो, त्याच वाटेने विषाणूही कण्याकडे आणि तेथून मेंदूकडे जातो. पायाला झालेल्या चाव्यापेक्षा चेहऱ्याला किंवा मानेला झालेला चावा अधिक घातक का, ह्याचे एक कारण येथे मिळते: वाट आखूड असते. आणि चाव्यानंतर थोडाबहुत अवधी का मिळतो, हेही येथेच कळते. त्या अवधीत, विषाणू तंतूत शिरून दूर जाण्याच्या आत, शरीराची संरक्षक फळी उभी करावयाची असते. म्हणून जखम ताबडतोब साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयाची, आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे जाऊन लस, आणि जखम तशी असेल तर सोबतची प्रतिद्रव्ये, टोचून घ्यावयाची. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. कारण तोवर तो चोरटा प्रवास संपलेला असतो. धनुर्वाताचे विषही जखमेपासून कण्यापर्यंत ह्याच परतीच्या वाहतुकीतून पोहोचते.

दुसरे उदाहरण अंगणातील सदाफुलीचे. ह्या साध्या झाडापासून व्हिनक्रिस्टीन हे औषध मिळते. १९६०नंतरच्या दशकापासून रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या असंख्य बालकांना इतर औषधांच्या जोडीने ह्या औषधाने जीवदान दिले आहे. ते ट्यूब्युलिनला चिकटते आणि सूक्ष्मनलिका मोडते. विभाजन पावणाऱ्या पेशीला ह्या नलिकांची गरज असते, म्हणून कर्करोगाची पेशी मरते. परंतु मज्जातंतूंतील वाटाही त्याच नलिकांच्या असतात. म्हणून हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो; आणि त्याची सुरुवात बहुधा बोटांच्या टोकांपासून होते. जेथवर माल पोहोचविण्यास सर्वांत लांबची वाट तुडवावी लागते, तेथे वाट मोडल्याची झळ सर्वांत आधी लागते. डॉक्टर ह्या तक्रारीकडे बारीक लक्ष ठेवून औषधाची मात्रा बेततात. तेव्हा रुग्णाने ती क्षुल्लक समजून मनात ठेवू नये.

कधी दोष वाटेत नसून भारवाहकातच असतो. २००२ साली असे आढळले, की किनेसिनच्या एका जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या एक व्याधी चालत येते. तीत हातांपेक्षा पाय अधिक ताठरतात आणि चालणे अवघड होत जाते. २०१८ साली त्याच जनुकातील निराळ्या बिघाडांचा संबंध स्नायूंना क्षीण करणाऱ्या एका घातक मज्जारोगाशी जोडला गेला. ह्या रोगांत पेशीचा कारखाना चालू असतो, माल तयार होत असतो. उणीव असते ती माल ठिकाणी पोहोचण्याची.

पेशीच्या ह्या व्यवहारातून ध्यानात येण्याजोगी गोष्ट हीच आहे. विज्ञानाने दीर्घकाळ केंद्रकाकडे लक्ष दिले, कारण आज्ञा तेथून सुटतात. ते योग्यच होते. परंतु आज्ञा सुटणे आणि माल निर्माण होणे एवढ्याने जीवन चालत नाही. दूरच्या टोकाला जे हवे ते तेथवर नेऊन पोहोचविणारे कोणी असावे लागते. हे काम करणारे रेणू कोठे जावयाचे हे जाणत नाहीत. त्यांच्या पायांखालच्या वाटेवर दिशा कोरलेली असते, ओझ्यावर त्याची ओळख असते, आणि प्रत्येक पावलाचे मोल त्या त्या वेळी चुकते केले जाते. एवढ्या साध्या व्यवस्थेवर मीटरभर लांबीची पेशी सत्तर-ऐंशी वर्षे तग धरते. आज सकाळी अंथरुणातून उठताना पाऊल जमिनीवर टेकले आणि त्याने शरीराचा भार घेतला, तो दोनतीन दिवसांपूर्वी कण्याजवळून निघालेला ऐवज आठ आठ नॅनोमीटरांच्या पावलांनी, वाटेत कोठेही न सांडता, त्या पावलाशी येऊन पोहोचला होता म्हणून.